शिलावरणाचे बळ आणि वयाचा हिशेब

1855 साली कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन प्रॅट यांनी भारतीय सर्वेक्षणातली एक तफावत मांडली. हिमालयाच्या ओढीमुळे कलियाना आणि कल्याणपूर या ठाण्यांवरील ओळंब्यांच्या कलात सुमारे 16 सेकंदांचा फरक पडायला हवा होता. प्रत्यक्षात तो जेमतेम 5 सेकंद भरला. त्याच वर्षी जॉर्ज एअरी यांनी सुचवले की, कवच इतका भार पेलू शकत नाही, म्हणून पर्वतांखाली हलक्या खडकाची मुळे असली पाहिजेत. उलट 1914 मध्ये जोसेफ बॅरेल यांनी बाहेरचे शिलावरण, म्हणजे कवच आणि त्याखालच्या प्रावरणाचा ताठ भाग, बरेच बळकट आहे आणि ते एका दुर्बल थरावर टेकले आहे, असे मांडले. मग हे बळ कशावर ठरते? दीड शतकाच्या या शोधाचे सार माझ्या मते एकच आहे: खडक जुना आहे म्हणून शिलावरण बळकट होत नाही. ते थंड आणि कोरडे असेल तरच बळकट असते. वय फार तर थंडाव्याची खूण आहे.

समुद्रतळ याचा सर्वांत स्वच्छ पुरावा देतो. मध्यसागरी कटकांवर जन्मलेले शिलावरण दूर सरकताना निवते, जाड होते आणि खोल जाते. ज्वालामुखी बेटाच्या ओझ्याखाली ते फळीसारखे वाकते आणि त्या बाकावरून त्याची लवचिक जाडी काढता येते. टोनी वॉट्स यांनी 1978 साली हवाई-एम्परर साखळीवर हाच हिशेब केला. हवाईखाली ही जाडी 25 ते 30 किलोमीटरच्या आसपास निघाली, उत्तरेकडच्या एम्परर पर्वतांखाली मात्र बरीच कमी. त्या पर्वतांखालचा तळ आज काही तरुण नाही. पण पर्वत त्यावर उभे राहिले तेव्हा तो तरुण आणि उष्ण होता, आणि तेव्हा पडलेला बाक तसाच राहिला. म्हणजे हिशेबात धरायचे ते आजचे वय नव्हे, तर ओझे पडले त्या वेळचे. लवचिक थराचा तळही ढोबळमानाने 450 अंश सेल्सियसच्या समतापरेषेजवळ येतो. तिथे ठरवणारे तापमानच.

खंडांवर मात्र हे गणित अडखळते. कॅनडातली अतिप्राचीन ढालक्षेत्रे अतिशय बळकट आहेत, मग वयाला श्रेय का देऊ नये, असा आक्षेप रास्त आहे. पण त्यांच्याखालचे प्रावरण प्राचीन काळीच वितळून शिलारस निघाल्याने हलके आणि कोरडे झाले, म्हणून ढालक्षेत्रांची खोल प्रावरणी मुळे टिकली. उत्तर चीनमध्येही अशीच मुळे होती. तिथे 45 कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास वर आलेले हिरे तशी साक्ष देतात. पुढे, मुख्यतः मध्यजीव महाकल्पात, पूर्व भागातले मूळ झिजले. 380 कोटी वर्षांचे खडक बाळगणाऱ्या त्या प्रदेशाखालचे शिलावरण आज अनेक ठिकाणी 100 किलोमीटरहूनही पातळ आहे. वय तेच राहिले, बळ गेले.

खंडांचे बळ कवचात आहे की प्रावरणातही, यावर भूभौतिकशास्त्रज्ञांमध्ये मॅकेन्झी, जॅक्सन एका बाजूला आणि बुरोव्ह, वॉट्स दुसऱ्या बाजूला असा वाद 1997 नंतर दहा वर्षे रंगला. त्यात दोन्ही पक्ष तापमान आणि पाणी यांचाच हिशेब मांडत होते, हे मला महत्त्वाचे वाटते. आपल्याकडच्या किल्लारीच्या भूकंपाचा दाखला देऊन कोणी म्हणेल की दख्खनचे जुने शिलावरण कमकुवतच ठरले. तसे नाही. तो भूकंप उथळ होता. हिमालयाकडून येणारा दाब दूरवर पोचवण्याइतकी भारतीय भूपट्टी ताठ आहे, आणि तो ताण तिच्यातल्या एखाद्या कमजोर भेगेवर मोकळा होऊ शकतो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे हादरलेल्या किल्लारीखाली, बेसाल्टच्या थरांच्या तळाशी, सुमारे 250 कोटी वर्षांचा खडक आहे.