थांबलेल्या सायकलचा वेग

पावसाळ्यात सायकल घरातल्या ट्रेनरवर, म्हणजे मागचं चाक जागीच फिरू देणाऱ्या स्टँडवर, चढवली की हँडलवरचा वायरलेस मीटर शून्यावर ठाण मांडून बसतो. पाय गरागरा फिरतात, टी-शर्ट घामाने चिंब होतो, आकडा मात्र ढिम्म. कारण सरळ आहे. साध्या मीटरचा सेन्सर पुढच्या फोर्कवर बांधलेला असतो, आणि ट्रेनरवर फिरतं ते मागचं चाक. म्हणून सेन्सर सोडवून मागे बांधला, तरी पुष्कळदा शून्यच! हे दुसरं शून्य मला पहिल्यापेक्षा कितीतरी विलक्षण वाटतं.

सेन्सरच्या पोटात पाहा. काचेची बारीक नळी, तिच्यात निकेल-लोखंडाच्या दोन पातळ पात्या, टोकाला टोक जवळजवळ भिडलेलं, मध्ये केसाएवढी फट. स्पोकवरचं चुंबक समोरून गेलं की दोन्ही टोकं क्षणभर विरुद्ध ध्रुव होतात, एकमेकांना ओढतात, चिकटतात आणि सुटतात. चाकाचा एक फेरा, एक ठोका. हा रीड स्विच १९३६ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत वॉल्टर एलवुड यांनी शोधला, आणि आजही तो सायकलवर चिखलापाण्यात निमूट काम करतो.

मीटरला कळतो तो एवढा ठोकाच. बाकी सगळा हिशेब. ७०० बाय २५ टायरचा घेर साधारण २१०५ मिलिमीटर. ताशी ३० किलोमीटरला दर पाव सेकंदाला एक ठोका पडतो. आकडा ३० वरून ३१ वर जातो तेव्हा दोन ठोक्यांमधला वेळ जेमतेम ८ मिलिसेकंदांनी घटलेला असतो, आणि हे मोजणारं यंत्र एका बटण सेलवर महिनोन्‌महिने चालतं!

आता तो हरवलेला ठोका. जुन्या पद्धतीच्या, म्हणजे अ‍ॅनालॉग वायरलेस मीटरचा सेन्सर खऱ्या अर्थाने रेडिओलहरी दूर पाठवतच नाही. तो आपल्या वेटोळ्याभोवती चुंबकीय क्षेत्र थरथरवतो, आणि मीटरमधल्या वेटोळ्याला ती थरथर जाणवते. हृदयाचे ठोके मोजणाऱ्या पोलार कंपनीच्या जुन्या छातीपट्ट्याही याच जातीच्या. त्यांची वारंवारता ५ किलोहर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी ६० किलोमीटर, जवळपास पुणे-लोणावळा! एवढ्या लांबीच्या तरंगापुढे हातभर अंतर म्हणजे उगमाला खेटूनच उभं राहणं. इथे क्षेत्र अंतराच्या घनाने ओसरतं. अंतर दुप्पट झालं की जोर निम्मा नाही, एक अष्टमांश उरतो. असे मीटर साधारण ६०-७० सेंटिमीटरच्या आतच ऐकू शकतात, ते यामुळे. फोर्क ते हँडल त्यात बसतं, मागच्या चाकापासून हँडलपर्यंत नाही.

तेव्हा मीटरही मागे आणायचा. सेन्सर डाव्या चेनस्टेवर, म्हणजे मागच्या चाकाशेजारच्या आडव्या नळीवर, कारण उजवीकडे चेन आणि गिअर. चुंबक आणि सेन्सर यांत ५ मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको. मागच्या चाकाच्या स्पोकवर चुंबक वर-खाली कुठेही सरकवा, फेऱ्याला ठोका एकच पडतो, त्यामुळे वेग बदलत नाही. मीटर सीटपोस्टवर किंवा टॉप ट्यूबच्या मागच्या टोकाला झिप टायने बांधा. मान वळवून पाहावं लागतं, हे खरं. दिवसभर तो हँडलवरच हवा असेल, तर एएनटी प्लस किंवा ब्लूटूथचा सेन्सर घ्यावा, हे माझं स्पष्ट मत. ते २.४ गिगाहर्ट्झवर बोलतात, तरंगलांबी साडेबारा सेंटिमीटर. इतक्या आखूड लहरी अँटेनापासून सुटून खरोखर प्रवासाला निघतात, मग मीटरभर अंतराची काय मातब्बरी!

ट्रेनरवरचा ३० चा आकडा मात्र चाकाचा असतो, रस्त्याचा नव्हे. तिथे समोरून वारा नाही, चढ नाही. टायरमधली हवा थोडी कमी झाली किंवा ट्रेनरचा टायरला टेकणारा रोलर जास्त आवळला, की त्याच आकड्यासाठी जास्त दम लागतो. आजची राइड कालच्याशी ताडायची असेल, तर हवा आणि रोलरचा दाब दोन्ही तेवढेच ठेवा.

सगळं बांधून झालं की पेडल हाताने फिरवून पाहा. आकडा आला नाही, तर सेन्सर थोडा कलता करा. दोन वेटोळी एकमेकांना काटकोनात असली, तर अगदी जवळूनही ठोका ऐकू येत नाही. आणि मध्येच स्थिर चाकावर भलताच वेग दिसला, तर शेजारचा पंखा किंवा मोबाइलचा चार्जर बंद करून पाहा. त्यांच्याभोवतीही अशीच क्षेत्रं थरथरत असतात, आणि मीटरला कधीकधी तीही चाकाचे ठोके वाटतात.