चकलीचे गाणे, आठ पदरी

गाण्याला गळा लागतो ही समजूत आमच्या घराने केव्हाच मोडीत काढली. अहिल्यानगरच्या सावेडी भागात आम्ही माणसे पाच. पण आमच्या चकलीच्या गाण्यात आवाज आहेत आठ! मी महाविद्यालयात मराठी शिकवते, म्हणून शब्द माझ्या वाट्याला आले: 'सोऱ्या फिरेना, चकली जमेना, आजीच्या पोटात हसू मावेना.' वाचकहो, वाङ्मय म्हणून याची किंमत करू नका.

चाल चिरंजीवांची. यजमानांनी तोंडाने कुकरची शिट्टी काढली. बाकी वाद्यवृंद स्वयंपाकघराचा: कळशी, सुपातले तांदूळ, कंगव्यावर धरलेला पातळ कागद, पाण्याचे पेले. पेल्यावर चमचा मारला तर पाणी वाढेल तसा स्वर उतरतो. बाटलीच्या तोंडाशी फुंकले तर नेमका चढतो! तिथे पेला थरथरतो, इथे आतली हवा. हा निव्वळ पोरखेळही नव्हे. राहुलदेव बर्मन यांनी 'यादों की बारात'मध्ये (१९७३) पेल्याची किणकिण आणि 'शोले'त (१९७५) बाटल्यांची फुंकर वापरलीच की.

आवाजावर आवाज चढवण्याची युक्ती गाजवली अमेरिकेच्या लेस पॉल यांनी. १९५१ साली 'हाउ हाय द मून' या गाण्यात त्यांनी पत्नी मेरी फोर्ड यांचा एकच गळा अनेक पदरांत ऐकवला. तेव्हा नवा पदर चढवला की जुना त्यात विरघळे. वरणात पडलेले मीठ काढून कोण देणार? १९५७ साली त्यांना अँपेक्स कंपनीचे आठ वाटांचे यंत्र मिळाले आणि प्रत्येक आवाज आपापल्या वाटेने निराळा राहू लागला. आज हे काम मुलाचा मोबाइल करतो. कानाला इयरफोन मात्र हवा, नाहीतर आधीचे गाणे नव्या पदरात घुसते.

आठवा पदर अण्णांचा, माझ्या सासऱ्यांचा. "गाणार नाही, कळशी वाजवीन," या अटीवर ते बसले होते. यंदा माघात ते गेले.

परवा फराळाच्या गडबडीत सासूबाई नातवाला म्हणाल्या, "बाकीच्यांना जरा गप्प कर रे." त्याने सात पदर बंद केले. उरली कळशी, एक खोकला, आणि मध्येच हळूच विचारलेले, "आता मी का?"

"हो, तुम्हीच," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी सोऱ्यात पीठ भरायला घेतले.