पोकेमॉन कार्डांचा माल भरताय? आधी असली-नकली ओळखा



खामगाव असो, चिखली असो की मलकापूर, पोकेमॉन कार्डांचं वेड आता आपल्याकडच्या मुलांनाही आहे. त्यामुळे स्टेशनरी किंवा गिफ्टचं दुकान टाकताना हा माल ठेवावासा वाटणारच. पण आधी साधा हिशोब करा. अमेरिकेत १० कार्डांचं एक असली पाकीट साधारण ४-५ डॉलरला मिळतं. मग तेच पाकीट आपल्याला २० रुपयांत कसं परवडेल? होलसेलवाला ‘फर्स्ट कॉपी’ म्हणाला, की समजायचं, माल नकली आहे.

म्हणून पूर्ण बॉक्सचे पैसे देण्याआधी एक पाकीट सुटं विकत घ्या, फोडा आणि तपासा.

१. माप: असली कार्ड ६३ मिमी रुंद आणि ८८ मिमी उंच असतं. पट्टी लावून बघा.

२. मागची बाजू: इंग्रजी कार्डाची पाठ गडद निळी असते. नकलीत रंग बऱ्याचदा फिका किंवा जांभळट दिसतो. तुलनेसाठी एक खात्रीचं असली कार्ड गल्ल्यात ठेवाच. जपानी कार्डाची पाठ वेगळी असते, तिथे गोंधळू नका.

३. अक्षरं: इंग्रजी ‘पोकेमॉन’मधल्या ‘ई’वर छोटी तिरकी रेघ असते. ती नसेल, स्पेलिंग चुकलं असेल किंवा एचपी हजाराच्या पुढे असेल, तर माल परत करा.

४. नंबर: २०२३ च्या ‘१५१’ सेटमध्ये पिकाचूचा नंबर ०२५/१६५ आहे. त्याच सेटमध्ये चॅरिझार्डचं १९९/१६५ नंबरचं कार्डही असलीच आहे. म्हणजे पहिला आकडा मोठा दिसला म्हणून कार्ड नकली ठरत नाही. तो नंबर नेटवर शोधा आणि चित्र जुळवा.

५. उजेड: कार्डामागे मोबाइलचा टॉर्च धरा. असली कार्डात मधे गडद थर असतो, त्यामुळे उजेड कमी येतो. नकलीतून बहुतेक वेळा आरपार येतो. पण एकाच चाचणीवर निकाल देऊ नका.

आणि ५०-६० सोनेरी प्लास्टिक कार्डांचा डबा? तो तपासायचीही गरज नाही. कंपनी असा डबा काढतच नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ‘मी कुठे छापलं, मी तर फक्त विकलं’ हे कायद्यात चालत नाही. ट्रेडमार्क कायदा १९९९, कलम १०४ प्रमाणे नकली ट्रेडमार्कचा माल विकणं, इतकंच काय, विक्रीसाठी जवळ ठेवणं हाही गुन्हा आहे. शिक्षा ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. बचावाला उपयोगी पडतं ते हे: तुम्ही पुरेशी काळजी घेतली होती, संशयाचं कारण नव्हतं आणि माल कोणाकडून घेतला हे तुम्ही सांगू शकता. म्हणून पक्कं जीएसटी बिल घ्या. आयात मालाच्या पाकिटावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि एमआरपी आहे का, तेही बघा.

सॅम्पल नाही, बिल नाही, तर सौदा नाही. असली माल परवडत नसेल, तर साधे पत्ते ठेवा, बोर्ड गेम ठेवा. लहान गावात गिऱ्हाईक रोज तेच असतं. शाळेत मित्रांनी ‘तुझं कार्ड नकली आहे’ म्हटलं, की ते पोरगं बापाला घेऊन तुमच्याच काउंटरवर येणार. २० रुपयांच्या पाकिटासाठी दुकानाचं नाव घालवू नका.