घरचं औषध आणि वॉर्डातला प्रश्न

डिसेंबर 2004 मध्ये 'जामा' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात एक तपासणी छापून आली. बोस्टन परिसरातल्या दक्षिण आशियाई किराणा दुकानांतली 70 आयुर्वेदिक उत्पादनं तपासली होती; त्यांतल्या 14 मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. आयुर्वेदाच्या मानापमानाचा वाद त्यावर पुष्कळ झाला. मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं, की त्या बातमीतून खरा उपयोगी प्रश्न वॉर्डातल्या सिस्टरच्या हाती पडायला हवा होता: घरी आणखी काय काय घेता?

'औषध काय चालू आहे' असं विचारलं की माणूस बीपीची, साखरेची गोळी सांगतो. सकाळचा कारल्याचा रस, ज्येष्ठमधाचा काढा, लसणाच्या कॅप्सूल त्याच्या हिशेबात औषधच नसतात. पण कारल्याचा रस मधुमेहाच्या गोळ्यांच्या जोडीला आला की साखर गरजेपेक्षा जास्त उतरू शकते. ज्येष्ठमध रोज भरपूर पोटात गेला तर पोटॅशियम घटतं, बीपी चढतं. लसणाच्या कॅप्सूलनी ऑपरेशनमध्ये रक्तस्राव वाढण्याची भीती असते, म्हणून त्या आधीच बंद करायला सांगतात. राउंडच्या घाईत हे निघत नाही. ते निघतं सलाईन लावताना, सिस्टरशी बोलता बोलता.

2010 मध्ये दिल्लीत कडू दुधीच्या रसाने एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने त्यानंतर दिलेला सल्ला साधा होता: आधी तुकडा चाखा, कडू लागला तर रस करू नका. कोणत्याही सिस्टरला अर्ध्या मिनिटात देता येईल असा हा सल्ला.

मग 2020 उजाडलं. जागतिक आरोग्य संघटनेने ते वर्ष परिचारिका आणि सुईणींचं म्हणून जाहीर केलं होतं आणि त्याच वर्षी करोनाच्या धास्तीने घरोघरी काढे उकळू लागले. गुळवेल तर कुंपणावरून थेट पातेल्यात आली. सप्टेंबर ते डिसेंबरदरम्यान मुंबईत गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं डॉक्टरांना दिसलं. 2021 मध्ये ते प्रसिद्ध झालं. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला: वनस्पती नीट ओळखलेली नाही, गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल असू शकते. पुढे देशातल्या अनेक रुग्णालयांतून अशा 43 रुग्णांची नोंद आली. त्यांतल्या बऱ्याच जणांच्या यकृताच्या आजारात ऑटोइम्यून खुणा होत्या, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटल्याच्या.

हा वाद मिटवणं सिस्टरचं काम नव्हे. पण दोन्ही बाजू खऱ्या धरल्या तरी तिने विचारायचं तेच राहतं. वेल कुठून आणली, ओळखली कुणी? किती आठवडे घेताय? थायरॉईडचा किंवा यकृताचा जुना त्रास आहे का? लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसतात? आणि विचारताना आवाजात दटावणी नको. 'हे कशाला घेत बसलात' असं एकदा ऐकलेला रुग्ण पुढच्या वेळी मुकाट काढा पितो आणि सिस्टरला सांगत नाही.

सांगितलेलं पुढेही जायला हवं. औषधाचा दुष्परिणाम कळवण्यासाठी देशात औषध दक्षता कार्यक्रम 2010 पासून आहे आणि त्याचा फॉर्म परिचारिकाही भरू शकते. त्यात काय घेतलं, कधीपासून, सोबत कोणत्या गोळ्या चालू होत्या, हे लिहावं लागतं. म्हणून नातेवाइकांना घरी पाठवताना सिस्टरने सांगावं: येताना काढ्याची बाटली, चूर्णाची पुडी, वेलीचा तुकडा, जे असेल ते घेऊन या.