नदीचे वळण आणि काठची जमीन

जोयडा तालुक्यातील डिग्गी गावाजवळ उगम पावणारी काळी नदी सुमारे १८४ किलोमीटरांचा प्रवास करून कारवारजवळ सदाशिवगडाशी समुद्रास मिळते. जोयड्यात तिचे पात्र बहुतांशी खडकाने जखडलेले आहे. येथे पाण्याचा जोर तळ खोल करण्यात खर्ची पडतो. बाजूंना पसरण्यास त्यास वाव नाही. गणेशगुडी येथे १०१ मीटर उंचीचे सुपा धरण उभे राहिले, ते अशाच अरुंद खोऱ्यात.

उतार मंदावला आणि काठ मातीचे लागले, म्हणजे नदीची वृत्ती पालटते. पात्रात आडवे पडलेले एखादे झाडही प्रवाहास एका अंगाला वळविण्यास पुरेसे होते. वळणाच्या बाहेरील काठावर पाणी वेगाने धडकून तो पोखरते. तेथे डोह पडतो. वरचे पाणी असे बाहेर लोटले जात असता तळाचे पाणी वाळू घेऊन आतील काठाकडे सरकते व तेथे मळई साचते. एकाचा बांध खचत असताना समोरच्याच्या शेतापुढे नवी जमीन तयार होते, ती यामुळे. महसूल कायद्यालाही मळईच्या जमिनीची स्वतंत्र दखल घ्यावी लागली आहे. भातखाचरांतून वाहणाऱ्या ओढ्याच्या वळणावर शिक्षकांना हा सारा प्रकार मुलांना प्रत्यक्ष दाखविता येईल.

वळण वाढत गेले की त्याची मान अरुंद होते. एखाद्या महापुरात नदी ती फोडून सरळ निघते आणि मागे घोड्याच्या नालेच्या आकाराचे तळे उरते. पुरागणिक त्यात बारीक गाळ बसतो. प्रथम लव्हाळी, मग गवत, पुढे झाडे येतात. पूरमैदान वृद्ध होते ते असे.

काठाशी जाड गाळ बसून जमीन उंचावते, तर बारीक गाळ दूर जातो. त्यामुळे नदीपासून लांबची जमीन पुष्कळदा अधिक सखल असते व पूर ओसरल्यावरही तेथे पाणी तुंबते. घरासाठी जागा निवडताना केवळ अंतर मोजून भागत नाही, ते याच कारणाने.

धरणे झाल्यावर गाळ जलाशयात अडतो, लहान पूर थांबतात आणि मैदान कोरडे भासू लागते. परंतु २०१९ व २०२१ च्या पावसाळ्यांत घाटाखालील कद्रा धरणातून मोठा विसर्ग करावा लागला, तेव्हा काळीच्या काठच्या गावांत पाणी शिरले.