क्रीडांगणाभोवतीचे कडे : महासाथीच्या नियमांतील आंतरराष्ट्रीय स्पर्धा

दिनांक २३ जानेवारी २०२२ रोजी सायंकाळी नवी मुंबईतील डॉ. डी. वाय. पाटील मैदानावर भारत आणि चिनी तैपेई या देशांच्या महिला फुटबॉल संघांचा सामना व्हावयाचा होता. आशियाई महिला चषक स्पर्धा बेचाळीस वर्षांनी पुन्हा भारतात भरली होती. यापूर्वी १९८० साली ती केरळातील कालिकत येथे झाली होती. या स्पर्धेतून पुढील वर्षीच्या विश्वचषकासाठी संघ निवडले जाणार होते, आणि भारतीय महिलांचा संघ तोपर्यंत एकदाही विश्वचषकात खेळलेला नव्हता. मैदान सिद्ध होते, प्रतिस्पर्धी संघ सिद्ध होता. तथापि सामना झाला नाही. भारतीय संघातील अनेक खेळाडू कोरोनाबाधित आढळल्या होत्या आणि नियमानुसार आवश्यक असलेल्या तेरा खेळाडू यजमान संघापाशी उरल्या नव्हत्या. स्वतःच्याच देशात, स्वतःच्याच मैदानावर, संघाला स्पर्धेबाहेर पडावे लागले.

ही घटना खेळाच्या इतिहासातील एक दुःखद नोंद म्हणून सोडून देण्याजोगी नाही. साथीच्या काळात देशोदेशींच्या खेळाडूंना एकत्र आणावयाचे, तर कोणते नियम करावे लागतात, ते नियम कोणाचे रक्षण करतात आणि त्यांचा भार कोणावर पडतो, याचा बोध तिच्यातून होतो.

अलगीकरण म्हणजे काय?

साथीचा प्रतिबंध करण्याचे दोन जुने मार्ग आहेत. ज्याला रोग झाला आहे त्याला इतरांपासून दूर ठेवणे हे विलगीकरण होय. आणि ज्याला रोग झाला असण्याची केवळ शक्यता आहे, त्याला ठरावीक मुदतीपर्यंत वेगळे ठेवणे हे अलगीकरण, म्हणजेच क्वारंटाइन. हा शब्द इटालियन भाषेतील 'चाळीस' या अर्थाच्या शब्दावरून आला आहे. एड्रियाटिक समुद्राच्या काठावरील रागुझा, म्हणजे आजचे दुब्रोव्हनिक, या बंदराने १३७७ साली साथग्रस्त प्रदेशांतून येणाऱ्यांना तीस दिवस बाहेर थांबविण्याचा नियम केला. पुढे ही मुदत चाळीस दिवसांची झाली आणि तेच नाव रूढ झाले.

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली आणि पुढील वर्षी साथरोग प्रतिबंधक कायदा झाला. याच कायद्याचा आधार मार्च २०२० मध्ये राज्यात घेण्यात आला. प्लेगच्या त्या दिवसांत पुण्यात सक्तीने झालेल्या घरझडत्यांमुळे लोकांत किती तीव्र असंतोष पसरला होता, हेही इतिहासास ठाऊक आहे. नियम शास्त्राला धरून असला, तरी तो ज्यांच्यावर लागू होतो त्यांचा विश्वास मिळाला नाही, तर अंमलबजावणी कठीण होते, हा त्या काळाचा धडा होता.

आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धेत ही अडचण अनेक पटींनी वाढते. खेळाडू अनेक देशांतून येतात, त्या प्रत्येक देशात साथीची स्थिती निराळी असते, आणि चौदा दिवस खोलीत बसून राहिलेला खेळाडू पंधराव्या दिवशी पूर्ण शक्तीने खेळू शकत नाही. यावर तोडगा म्हणून 'बायो-बबल' ही पद्धत पुढे आली. खेळाडू, पंच व संघाचे कर्मचारी यांच्याभोवती एक कडे आखावयाचे. निवास, वाहन आणि मैदान या तीन ठिकाणांपुरताच त्यांचा संचार ठेवावयाचा. आणि कड्यातील सर्वांची वारंवार चाचणी घ्यावयाची, असे तिचे स्वरूप होते.

मेलबर्नचा अनुभव

या पद्धतीची एक मोठी कसोटी ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरात लागली. जानेवारी २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियन खुल्या टेनिस स्पर्धेसाठी सुमारे बाराशे खेळाडू व सहायक खास विमानांनी तेथे उतरले. चौदा दिवसांच्या अलगीकरणात सरावासाठी दररोज पाच तास बाहेर पडण्याची मुभा त्यांना होती. परंतु काही विमानांतील प्रवासी बाधित आढळताच त्या विमानांतून आलेल्या ७२ खेळाडूंची ही मुभा काढून घेण्यात आली. दोन आठवडे त्यांना खोलीबाहेर पाऊल टाकता आले नाही. कोणी पलंगावरील गादी भिंतीला टेकवून तिच्यावर चेंडू मारण्याचा सराव केला. त्याच वेळी हजारो ऑस्ट्रेलियन नागरिक विमानप्रवासावरील मर्यादेमुळे परदेशांत अडकून पडले होते. खेळाडूंना येऊ दिले जाते, मग आम्हांस का नाही, हा त्यांचा प्रश्न रास्त होता.

पुढे फेब्रुवारीच्या आरंभी अलगीकरणाच्या एका हॉटेलातील कर्मचारी बाधित आढळला. तेव्हा तेथे राहिलेल्या पाचशेहून अधिक खेळाडूंची व इतरांची चाचणी घ्यावी लागली आणि सरावस्पर्धांचे सामने एक दिवस थांबले. दिनांक १२ फेब्रुवारीच्या मध्यरात्री शहरात पाच दिवसांची टाळेबंदी सुरू झाली, तेव्हा चालू सामना मध्येच थांबवून प्रेक्षकांना घरी पाठविण्यात आले. खेळाडूंचे कडे कितीही भक्कम असले, तरी त्यात रोज आत-बाहेर करणारी माणसे असतातच. जेवण पोचविणारे, खोल्या झाडणारे, वाहन चालविणारे यांच्या आरोग्यावरच त्या कड्याची मजबुती अवलंबून असते.

टोकियोची नियमपुस्तिका

टोकियो येथील ऑलिंपिक स्पर्धा २०२० साली होणार होती. ती दिनांक २४ मार्च २०२० रोजी पुढे ढकलण्यात आली आणि २३ जुलै ते ८ ऑगस्ट २०२१ या काळात पार पडली. मार्च २०२१ मध्ये परदेशी प्रेक्षकांना मनाई झाली आणि स्पर्धेस जेमतेम दोन आठवडे उरले असता टोकियोतील सामने प्रेक्षकांविना घेण्याचे ठरले. संयोजकांनी सहभागी होणाऱ्या प्रत्येक घटकासाठी नियमपुस्तिका प्रसिद्ध केल्या होत्या. निघण्यापूर्वीच्या ९६ तासांत दोन चाचण्या, क्रीडाग्रामात दररोज लाळेची चाचणी आणि आपली स्पर्धा संपल्यावर ४८ तासांच्या आत प्रस्थान, असे ते नियम होते.

भारतासाठी ते अधिक कडक होते. विषाणूच्या डेल्टा प्रकारामुळे भारतातून निघणाऱ्यांना सात दिवस दररोज चाचणी आणि पोहोचल्यावर तीन दिवस अन्य देशांच्या खेळाडूंपासून अंतर, अशी अट घालण्यात आली. भारतीय ऑलिंपिक संघटनेने ही अट अन्यायकारक असल्याचे सांगून तिला जाहीर हरकत घेतली. सातारा जिल्ह्यातील सरडे गावचा तिरंदाज प्रवीण जाधव आणि बीड जिल्ह्यातील धावपटू अविनाश साबळे हे त्या वर्षीच्या भारतीय पथकात होते. रिकाम्या प्रेक्षागारासमोर साबळे याने ३,००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत ८ मिनिटे १८.१२ सेकंदांचा नवा राष्ट्रीय विक्रम नोंदविला.

टोकियोच्या नियमांतील एक तरतूद विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. बाधित झाल्यामुळे खेळू न शकलेल्या खेळाडूस 'अपात्र' म्हणावयाचे नाही, तर 'आरंभ केला नाही' अशी नोंद करावयाची; आणि तोपर्यंत त्याने जे स्थान मिळविले असेल, ते शक्यतो त्याचेच राहू द्यावयाचे. आजारपण हा दोष नव्हे, हे त्या नियमाने मान्य केले होते.

मुंबई-पुण्याची निवड

आशियाई महिला चषक स्पर्धा मूळ योजनेनुसार नवी मुंबईबरोबर अहमदाबाद आणि भुवनेश्वर येथे व्हावयाची होती. तथापि संघांचा प्रवास कमी व्हावा आणि सुरक्षित कडे राखणे सुलभ व्हावे, म्हणून २०२१ साली त्या दोन शहरांऐवजी मुंबईतील अंधेरी आणि पुण्यातील बालेवाडी येथील मैदानांची निवड झाली. तिन्ही मैदाने रस्त्याने जोडलेली असल्यामुळे विमानप्रवासाची गरज उरली नाही. हाच विचार पुढे इंडियन प्रीमियर लीगच्या २०२२ च्या हंगामात दिसून आला. साखळीतील सर्व ७० सामने मुंबई, नवी मुंबई आणि पुण्याजवळील गहुंजे येथील चार मैदानांवर घेण्यात आले.

योजना योग्य होती. काळ मात्र प्रतिकूल ठरला. जानेवारी २०२२ च्या आरंभी ओमायक्रॉन प्रकाराच्या लाटेत एकट्या मुंबईत एका दिवसात वीस हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. दिनांक २० जानेवारीस बारा संघांची ही स्पर्धा प्रेक्षकांविना सुरू झाली. त्याच दिवशी भारताने इराणशी गोलशून्य बरोबरी केली, आणि तीन दिवसांनी लेखाच्या आरंभी सांगितलेला प्रसंग घडला.

तेरा खेळाडू उपलब्ध नसतील तर संघाने माघार घेतली असे मानावे, असा आशियाई फुटबॉल महासंघाचा महासाथीसाठीचा विशेष नियम होता. सामना पुढे ढकलण्यास त्यात वाव नव्हता. एवढेच नव्हे, तर माघार घेतलेल्या संघाचे आधीचे सामनेही रद्द समजले जात. त्यामुळे इराणविरुद्धची बरोबरीही नोंदीतून पुसली गेली. इराणच्या महिला प्रथमच या स्पर्धेत उतरल्या होत्या. त्यांनी मिळविलेला पहिलावहिला गुण, त्यांचा कोणताही दोष नसताना, त्यांच्या हातून गेला.

नियम मोडला गेला असे येथे कोणी म्हणू शकणार नाही. तो सर्वांना आधीच ठाऊक होता. व्हिएतनामच्या अनेक खेळाडूही स्पर्धेपूर्वी स्पेनमधील सराव शिबिराच्या वेळी बाधित झाल्या होत्या. परंतु त्यांच्या संघाला आवश्यक संख्या कशीबशी उभी करता आली आणि अखेर तोच संघ प्रथमच विश्वचषकास पात्र ठरला. दोन संघांवर एकच संकट आले. एकाला ते काही दिवस आधी गाठून गेले, दुसऱ्याला ऐन सामन्याच्या दिवशी. हा फरक कौशल्याचा नव्हता, तो दिवसांचा होता.

वय थांबत नाही

साथीने हिरावलेली आणखी एक संधी येथे नमूद केली पाहिजे. सतरा वर्षांखालील मुलींचा फुटबॉल विश्वचषक नोव्हेंबर २०२० मध्ये भारतात होणार होता. तो प्रथम २०२१ च्या आरंभापर्यंत पुढे गेला आणि नंतर रद्द झाला. त्याऐवजी भारताला २०२२ चे यजमानपद देण्यात आले आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये भुवनेश्वर, गोव्यातील मडगाव आणि नवी मुंबई येथे ही स्पर्धा व्यवस्थित पार पडली. देशाला यजमानपद परत मिळाले. परंतु ज्या मुली २०२० साठी घाम गाळत होत्या, त्यांनी दोन वर्षांत वयाची मर्यादा ओलांडली होती. स्पर्धा पुढे ढकलता येते, वय पुढे ढकलता येत नाही.

पुढील काळासाठी

जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये कोरोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. परंतु साथी येतच असतात, आणि स्पर्धाही भरतच राहणार. म्हणून या अनुभवांतून काही गोष्टी पदरात घेणे हिताचे आहे.

पहिली गोष्ट अशी की, स्पर्धेचे नियम हे प्रथम यजमान शहराच्या रक्षणासाठी असतात. बाहेरून येणाऱ्यास मिळणारी सवलत आणि स्थानिक नागरिकावरील बंधन यांत मोठी तफावत राहिली, तर लोकांचा विश्वास उरत नाही. दुसरी, कड्याची आखणी करताना खेळाडूंच्या बरोबरीने स्वयंपाकी, सफाई कामगार आणि वाहनचालक यांच्या चाचणीची, निवासाची आणि वेतनाची तजवीज केली पाहिजे. कारण दुर्लक्षित माणसाच्या बाजूनेच कडे प्रथम तुटते. तिसरी, वेळापत्रकात चार-दोन दिवस राखून ठेवले पाहिजेत. दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण आणि मैदानांचे आरक्षण यांमुळे हे खर्चिक ठरते, हे खरे. परंतु एका संघाची अनेक वर्षांची मेहनत त्या खर्चापेक्षा स्वस्त मानता येणार नाही. आणि चौथी, आजाऱ्यास आजारी म्हणावे, माघार घेतलेला म्हणू नये. नियमांच्या भाषेतही न्याय असावा लागतो.

जुलै २०२५ मध्ये थायलंडमधील चियांग माई येथे भारतीय महिलांनी यजमान थायलंडला २-१ असे हरवून २०२६ च्या आशियाई चषकातील स्थान मिळविले. यजमान म्हणून नव्हे, तर पात्रता फेरी जिंकून हे स्थान मिळविण्याची भारताची ही पहिलीच वेळ होती. नवी मुंबईत त्या सायंकाळी न खेळलेला सामना मात्र कोणालाही परत खेळता येणार नाही. पुढच्या साथीत नियम लिहिणाऱ्याने लेखणी उचलण्यापूर्वी त्या रिकाम्या मैदानाचे एकदा स्मरण करावे, एवढेच सांगणे.