लेव्हला परतताना

अवकाशस्थानक स्वतःभोवती फिरत असतं. त्याच्या एकाच बाजूला, मधोमध, एक आडवी फट असते आणि स्थानकाबरोबर तीही फिरत राहते. आत शिरायचं तर आधी बरोबर त्या बाजूसमोर यायचं, मग आपलं यान त्याच गतीने गोल फिरवत ठेवायचं आणि हळूहळू पुढे सरकायचं. गती जुळली की स्थानक थांबल्यासारखं वाटतं आणि त्यामागच्या चांदण्याच फिरायला लागतात. नाही जुळली तर यानाची कड फटीच्या काठाला घासते आणि शेवटच्या नोंदीनंतर कमावलेलं सगळं तिथेच संपतं.

१९८४ साली आलेल्या 'एलिट' या खेळातली ही फट. चाचे, पोलीस, परग्रहावरचे थार्गॉइड, या सगळ्यांशी लढून आल्यावर शेवटची परीक्षा तीच घ्यायची. तीस वर्षांनी, २०१४ च्या डिसेंबरात, हा खेळ 'एलिट डेंजरस' या नावाने नव्याने घडून आला, तेव्हा मी सर्वांत आधी एकच गोष्ट पाहिली. फट फिरतेय का? फिरत होती.

मूळ खेळ केला केंब्रिजच्या जीझस कॉलेजातल्या दोन विद्यार्थ्यांनी. इयन बेल गणिताचा, डेव्हिड ब्रेबन निसर्गविज्ञानाचा. दोघांची जवळपास दोन वर्षं त्यात गेली. यंत्र होतं एकॉर्न कंपनीचा बीबीसी मायक्रो. स्मृती ३२ केबी, आणि त्यातलीही बरीच पडद्याच्या चित्राला आणि यंत्राच्या स्वतःच्या कारभाराला जायची. आज मोबाइलवर येणारा एखादा साधा फोटो या सगळ्या स्मृतीच्या शंभर पट मोठा असतो.

या यंत्राशी माझी जुनी ओळख आहे. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने शाळांसाठी 'क्लास' ही संगणक साक्षरतेची योजना सुरू केली, आणि त्यासाठी निवडलं ते हेच बीबीसी मायक्रो. जिल्ह्याच्या गावातल्या आमच्या शाळेतही ते आले. चपला बाहेर काढून, ओळीने आत जायचं. केशरी-तांबड्या रंगाच्या वरच्या कळांकडे पाहत बसायचं आणि आपली पाळी आली की बेसिकमध्ये सातचा पाढा छापायचा. त्याच बनावटीच्या यंत्रात दोन हजार ग्रह मावतात, हे मला कळायला पुढे कितीतरी वर्षं लागली. ते कळलं त्या दिवशी मी बराच वेळ गप्प बसलो होतो.

खेळाचा गाभा साधा होता. हातात कोब्रा मार्क थ्री नावाचं यान, खिशात १०० क्रेडिट, मुक्काम लेव्ह नावाच्या ग्रहापाशी. शेतीच्या ग्रहावरून धान्य घ्यायचं, कारखान्यांच्या ग्रहावर विकायचं. तिथून संगणक घ्यायचे, इकडे आणायचे. वाटेत चाचे गाठतात, त्यांच्याशी लढायचं. अमली माल किंवा गुलाम विकले तर पैसा जास्त, पण मग पोलिसांची व्हायपर यानं मागे लागतात. पुढे काय करायचं हे खेळ सांगत नव्हता. एकमेव मोजमाप म्हणजे पदवी: 'हार्मलेस'पासून सुरुवात आणि ६,४०० शत्रू पाडल्यावर 'एलिट'. त्याच्या दोन पायऱ्या खालची पदवी 'डेंजरस'. नव्या खेळाच्या नावातला दुसरा शब्द तिथूनच आला आहे.

तेव्हाच्या प्रकाशकांना हे पटणं अवघड होतं. थॉर्न ईएमआयने खेळ नाकारला. त्यांना तीन 'जीव', गुणांचा फलक आणि दहा मिनिटांत संपणारा डाव हवा होता. एकॉर्नसॉफ्टने तो घेतला आणि २० सप्टेंबर १९८४ ला बाजारात आणला. खोक्यात रॉबर्ट होल्डस्टॉक या लेखकाची एक लघुकादंबरीही होती, कारण पडद्यावरच्या पांढऱ्या रेषांना ज्या जगाची जोड हवी होती, ते जग यंत्रात मावणारं नव्हतं.

त्या रेषांबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. यानं भरीव नव्हती, नुसत्या कडा होत्या. पण आपल्या नजरेआडच्या बाजूच्या कडा काढायच्या नाहीत एवढं गणित यंत्र दर क्षणी करायचं, त्यामुळे रेषांची आकृती घन वाटायची. यान हललं की जुनं चित्र पुसायचं कसं? तीच रेषा त्याच जागी पुन्हा काढायची. काढण्याची रीतच अशी होती की पहिल्यांदा ठिपका उजळतो, दुसऱ्यांदा विझतो. पुसण्यासाठी वेगळं काही लिहावंच लागलं नाही. पडद्याची करामत तर याहून धाडसी होती. वर अवकाश दाखवायला बारीक, एकरंगी चित्र हवं होतं आणि खाली यानाच्या फलकाला रंग हवे होते. दोन्ही एकदम देणारी सोय यंत्रात नव्हती. म्हणून चित्र वरून खाली रेखाटलं जात असताना एक घड्याळ वेळ मोजायचं आणि नेमक्या ओळीवर पडद्याची जात बदलून टाकायचं. हे दर सेकंदाला ५० वेळा, खेळणाऱ्याला पत्ता न लागता.

आणि ग्रह. २५६ ग्रहांची एक दीर्घिका, अशा आठ. म्हणजे २,०४८ ग्रह. प्रत्येकाचं नाव, जागा, राज्यपद्धती, लोकसंख्या, बाजार. हे सगळं साठवलं असतं तर खेळाला जागाच उरली नसती. त्यांनी ते साठवलं नाहीच, पेरलं. सुरुवातीला तीन संख्या, मिळून सहा बाइट. तिघींची बेरीज करायची, पहिली काढून टाकायची, बेरीज शेवटी लावायची; पुन्हा तेच. बेरीज जागेत मावेनाशी झाली की वरचा अंक सोडून द्यायचा, गाडीचा आकडा ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यावर येतो तसा. आपल्याकडे हेमचंद्राने छंदशास्त्रात मांडलेल्या संख्यांचीच ही चुलत बहीण. तिथे मागच्या दोघींची बेरीज, इथे तिघींची. अशी पावलं टाकत गेलं की दर वेळी नव्या संख्या मिळतात आणि त्यांच्यातून एकेक ग्रह उलगडतो. नावंही तशीच होतात. तीसेक अक्षरजोड्या ठरलेल्या, संख्येचे काही अंश एकेक जोडी निवडतात. 'ला' आणि 'व्हे' मिळून इंग्रजी लिपीत लेव्ह, 'डि' आणि 'सो' मिळून डिसो. झा, ऑन आणि सी यांचं झाऑन्सी. कोणीही बसून ही नावं ठेवलेली नाहीत, तरी ती एकाच भाषेतली वाटतात.

बी तेच असेल तर झाडही तेच. त्यामुळे इंग्लंडमधल्या कोणत्याही घरातल्या यंत्रावर लेव्हच्या शेजारी लीस्टीच सापडायचं. या पद्धतीने जवळपास २८२ लाख कोटी दीर्घिका करता आल्या असत्या. प्रकाशकांनीच सुचवलं की आठ पुरेत. आकडा फार मोठा केला तर हे सगळं यंत्राने रचलं आहे हे उघडं पडेल. दोघांनी वेगवेगळी बियाणी लावून पाहिली, आणि एक दीर्घिका तर केवळ तिच्यातल्या एका ग्रहाचं नाव इंग्रजीतला असभ्य शब्द निघाला म्हणून टाकून दिली. हे मला फार आवडतं. माळी रोपं निवडतो तशी त्यांनी आकाशं निवडली.

पुढे दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. ब्रेबनने दोन पुढचे भाग काढले, १९९३ आणि १९९५ मध्ये, आणि फ्रंटियर डेव्हलपमेंट्स ही कंपनी उभी केली. त्यानंतर मोठी शांतता. नोव्हेंबर २०१२ मध्ये त्याने किकस्टार्टरवर लोकांकडेच पैसे मागितले. मागणी साडेबारा लाख पौंडांची होती; पंचवीस हजारांहून अधिक लोकांनी पंधरा लाखांच्या वर दिले.

नव्या खेळात आठ दीर्घिका नाहीत. एकच आहे, आपली स्वतःची आकाशगंगा, खऱ्या मापाची, सुमारे ४०० अब्ज ताऱ्यांची. यातले दीडेक लाख तारे खगोलशास्त्राच्या सूच्यांमधून घेतलेले आहेत, म्हणजे व्याध, अभिजित, रोहिणी आपापल्या जागी. बाकीचे 'स्टेलर फोर्ज' नावाची यंत्रणा घडवते. आधी कुठे किती वस्तुमानाचं द्रव्य असावं ते ठरतं, त्यातून तारे होतात, ताऱ्यांभोवती ग्रह जमतात. हेही साठवलेलं नाही. तुम्ही तिथे पोहोचता तेव्हा बीजातून उगवतं, आणि दुसरा कोणी पोहोचला तर त्याच्यासाठीही तसंच उगवतं. सहा बाइटांचा धडा इथे गिरवलेला आहे, फक्त बेरजेच्या जागी भौतिकशास्त्र आलं आहे. माझ्या मते पुनर्निर्मिती म्हणतात ती ही. जुनं चित्र नव्या रंगांत रंगवणं सोपं होतं. यांनी चित्र सोडलं आणि चित्रामागची रीत राखली.

लढाईतही तेच दिसतं. मूळ खेळात यान डावी-उजवीकडे वळतच नसे. आधी कूस बदलायची, मग नाक वर खेचायचं. नव्या खेळात वळता येतं, पण ते मुद्दाम इतकं मंद ठेवलं आहे की लढणारा वैमानिक पुन्हा कुशीवर होऊनच वळतो. शिवाय पूर्ण वेगात यान नीट वळत नाही. गती साधारण निम्म्यावर, वेगदर्शकाच्या निळ्या पट्ट्यात असेल तेव्हाच ते सर्वांत चपळ असतं. म्हणजे मागे लागलेल्या चाच्यापासून पळायचं की त्याच्यावर वळायचं, हा निर्णय दर क्षणी डाव्या हातात असतो. यानाची वीजही मोजकी. ढालीला द्यायची, इंजिनाला की तोफांना, हे झटापट चालू असतानाच वाटून द्यावं लागतं. आणि डोळ्यांआधी कान सांगतात: इंजिनाची घरघर बदलते, तापलेला धातू कुरकुरतो, ढाल फुटल्यावर मारा थेट पत्र्यावर वाजतो. सुरुवातीला मिळणारं यान आता कोब्रा नाही, साइडवाइंडर आहे. १९८४ मध्ये आपण जी चिमुकली चाचेयानं पाडायचो, त्यातलंच एक. कोब्रा पैसे साठवून विकत घ्यावी लागते, आणि तिचा तो चपटा, रुंद आकार पहिल्यांदा गोदीत उभा दिसतो तेव्हा ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटतं.

एका गोष्टीची खंत मात्र आहे. जुना एलिट ज्याच्या घरी होता त्याचा होता. वीज असली की पुरे. नवा खेळ इंटरनेटवाचून चालत नाही. जोडणीविना एकट्याने खेळायची सोय मिळेल असं आधी सांगितलं गेलं होतं, आणि बाजारात यायला काही आठवडे उरले असताना, नोव्हेंबर २०१४ मध्ये, ती रद्द झाली. पैसे दिलेल्यांपैकी बरेच जण संतापले, आणि त्यांचं म्हणणं मला रास्त वाटतं. ज्या दिवशी कंपनीचे सर्व्हर बंद होतील, त्या दिवशी ४०० अब्ज ताऱ्यांपैकी एकही कुणाच्या घरी उरणार नाही.

ज्यांना हे सलतं त्यांच्यासाठी 'ऊलाइट' आहे. जाइल्स विल्यम्स या प्रोग्रामरने आधी मॅकसाठी लिहिलेली, मग विंडोज आणि लिनक्सवर गेलेली ही मुक्त स्रोत आवृत्ती. आठही दीर्घिका, ग्रहांची नावं तीच, इंटरनेट लागत नाही, पैसे लागत नाहीत. चाहते तिच्यात नवी यानं, नवी कामं स्वतः घडवून घालतात. ही दुसऱ्या जातीची निष्ठा: फ्रंटियरने रीत सांभाळली, ऊलाइटने गाव सांभाळलं. दोन्ही माझ्या संगणकावर आहेत.

पण इंटरनेटने एक गोष्ट दिली जी १९८४ मध्ये शक्यच नव्हती. दूरच्या प्रवासात इंधन संपलं की यान थिजतं, श्वासाला उरलेल्या वेळेची उलटी मोजणी सुरू होते. अशा वेळी हाक दिली की 'फ्युएल रॅट्स' येतात. ही खेळाडूंनीच उभारलेली स्वयंसेवी तुकडी आहे. अनोळखी माणसाला इंधन पोचवायला शेकडो प्रकाशवर्षं येतात, मोबदला घेत नाहीत. २०१९ मध्ये 'डिस्टंट वर्ल्ड्स २' या मोहिमेत तेरा हजारांहून अधिक खेळाडू आकाशगंगेच्या पार टोकाकडे एकत्र निघाले होते. इतक्या वर्षांत इतके लोक भटकूनही या आकाशगंगेतले एक टक्का तारेसुद्धा अजून कोणी पाहिलेले नाहीत.

मला त्या टोकाची ओढ कधी लागली नाही. मी लेव्हला गेलो. नव्या नकाशात ते सूर्यापासून शंभरेक प्रकाशवर्षांवर आहे. लीस्टी, डिसो, झाऑन्सी जवळपासच. यानात स्वयंचलित गोदी-यंत्र होतं. ते चालू केलं की स्ट्राउसचं 'ब्लू डॅन्यूब' वाजायला लागतं, १९८५ च्या कमोडोर ६४ वरच्या एलिटमध्ये वाजायचं तसंच. थोडा वेळ ते ऐकलं, मग यंत्र बंद करून सुकाणू हातात घेतलं. कूस वळवली, फट जुळली, आत गेलो.

लेव्हच्या बाजारात तिथली ब्रँडी मिळते. जितकी दूर न्यावी तितका भाव चढतो. परवडल्या तेवढ्या पेट्या घेतल्या आणि यानाचं नाक सूर्याकडे केलं. तिथे जायला परवाना लागतो, तो आधीच मिळवून ठेवला होता. माल विकून झाल्यावर ग्रहांच्या पलीकडे, काळोखात, बराच वेळ सरळ उडत राहिलो. खेळातलं साल ३३०० च्या पुढचं आहे. दिवा लावल्यावर समोर एक पांढरी थाळी आणि तिच्यातून निघालेले लांब दांडे दिसले. १९७७ मध्ये पृथ्वीवरून निघालेलं व्हॉयेजर अजून चाललं होतं.